सीटच्या उजव्या हाताची दांडी

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथील बचत गट समन्वयकेचे रेडिओवरील भाषण)

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापताना ऐकलं तरी चालेल. पण आजचं बोलणं जरा शेवटापर्यंत ऐका. ज्यांच्या गटाकडे मिनी ट्रॅक्टर आहे त्यांनी तर ऐकाच. ज्यांच्याकडे नाही, पण भाड्याने बोलावता, त्यांनीही ऐका.

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. यंत्राचा आणि माझा संबंध शिलाई मशीनपुरता. गटाच्या सभा घ्यायच्या, वह्या तपासायच्या, बँकेत जायचं, हे माझं काम. मग आमच्या भागातल्या गटांकडे ट्रॅक्टर आले आणि वहीत बियाणं, डिझेल, ड्रायव्हरचा पगार असे रकाने वाढले. ज्या गोष्टीचा हिशेब आपण लिहितो ती गोष्ट आपल्याला कळत नसेल, तर वहीला अर्थ नाही. हे मी एका खरिपात शिकले, तेच आज सांगते.

आधी योजनेचं थोडक्यात. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं मिळतात. ३ लाख ५० हजारांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार रुपयांपर्यंत अनुदान, आणि उरलेले १० टक्के गटाने घालायचे. गटातले किमान ८० टक्के सदस्य त्या घटकांतले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही. ते १० टक्के म्हणजे ३५ हजार रुपये होतात. आमच्या बायांनी ते विड्या वळून, खुरपायला जाऊन, महिन्याला शंभर-दोनशे टाकून जमवलेले. म्हणून ट्रॅक्टर दारात आला तेव्हा त्याला हळद-कुंकू लावताना एका आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि मग काय झालं? ट्रॅक्टर बायांचा, चावी गड्याच्या खिशात. आपण मागे उभ्या राहून, झालं का, झालं का, एवढंच विचारायचं.

तो खरीप सोयाबीनचा. गटातल्या एका वैनींचं दोन एकर रान होतं. वरची अर्धी बाजू मुरमाड, खालची ओढ्याकडची अर्धी काळी, भारी, मऊ. एकरी ३० किलोप्रमाणे ६० किलो बियाणं उसनवारीवर आणलेलं. ओल चांगली होती, पेरणी यंत्र जोडलं, दुपारपर्यंत पेरणी संपली. सगळे खूश.

आठव्या दिवशी वैनी माझ्या दारात. म्हणाल्या, "ताई, वरची बाजू उगवली, खालचं रान मोकळंच हाय."

झालं, बोलायला लोकांना निमित्त मिळालं. कुणी म्हणालं बियाणंच बोगस. कुणी म्हणालं वैनींनी बियाण्याला औषध नीट चोळलं नसेल. आणि एकजण पारावर बसून म्हणाला, बायांच्या ट्रॅक्टरनं पेरल्यावर आणखी काय होणार. ते वाक्य वैनींच्या कानावर गेलं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत.

गटातल्या एक म्हाताऱ्या काकू आहेत, शाळेची पायरी न चढलेल्या. त्या काही न बोलता खुरपं घेऊन खालच्या रानात गेल्या. तासात माती बाजूला करत गेल्या आणि बियाणं सापडल्यावर त्यावर बोटं आडवी धरली. चार बोटं, कुठे पाच. मग वरच्या बाजूला आल्या. तिथे दोन बोटं. मला म्हणाल्या, "बी चांगलं हाय. खाली गाडून टाकलंय नुसतं."

सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटर खोल पेरावं, म्हणजे साधारण दोन ते तीन बोटं. त्याहून खोल गेलं तर कोंब वर येता येता दमतो, वरून मातीचा पापुद्रा बसला तर मोडतो. मग एकाच दिवशी, एकाच यंत्राने पेरलेल्या रानात एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला पाच, असं कसं झालं? त्याचं उत्तर मला पुढे एका प्रशिक्षणात मिळालं. ते सीटच्या उजव्या हाताला असलेल्या दांडीत होतं.

आता डोळ्यांसमोर ट्रॅक्टरची मागची बाजू आणा. अवजार तीन ठिकाणी जोडतात. खाली दोन आडवे हात, डावा आणि उजवा. वर मध्ये एक दांडा, त्याला सगळे टॉप लिंक म्हणतात. खालच्या दोन हातांना वरून दोन उभ्या सळ्या धरून असतात, आणि त्या सळ्यांना उचलणारे दोन बाहू आत तेलाच्या दाबावर चालतात. इंजिन चालू असलं की पंप तेल ढकलतो, तेल आतला दट्ट्या ढकलतं, आणि अवजार वर येतं. याला आपण लिफ्ट म्हणतो.

इथे एक गोष्ट गाठ मारून ठेवा. लिफ्ट अवजार उचलते, ते जमिनीत दाबत नाही. खाली जाताना अवजार आपल्या वजनाने जातं. म्हणून रान कडक असेल आणि फाळ घुसत नसेल, तर दांडी कितीही खाली ओढून उपयोग नाही. फाळ झिजलेत का बघायचं, अवजाराचा कल बघायचा. आपल्याकडे बैलाच्या कुळवावर वजनासाठी पोरांना बसवायची सवय होती. पोरंही हौसेने बसायची. ट्रॅक्टरच्या अवजारावर असं कुणालाही बसवायचं नाही. बैल हाक मारली की थांबतो, ट्रॅक्टरला हाक ऐकू येत नाही. वजन हवंच असेल तर वाळूची पोती घट्ट बांधा, तीही अवजाराला तशी सोय असेल तरच.

आता दांडीकडे येऊ. बऱ्याच ट्रॅक्टरवर दोन दांड्या असतात, काहींवर एकच. त्यांची कामं वेगळी आहेत.

पहिली उंचीची दांडी. मेकॅनिक तिला पोझिशन कंट्रोल म्हणतात. कंदिलाची वात आठवा. चकती जेवढी फिरवाल तेवढी वात वर, आणि तिथेच थांबणार. तसंच इथे. दांडी ज्या खुणेवर ठेवाल, अवजार त्या उंचीवर राहणार. समजा तेल थोडं झिरपलं आणि अवजार खाली यायला लागलं, तर आतली जोडणी ते ओळखते, तेल सोडते आणि अवजार पुन्हा जागेवर येतं. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा असतो ना? पाणी कमी झालं की नळ उघडतो, भरलं की बंद होतो. तसंच हे काम.

दुसरी ताणाची दांडी. तिला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. ही उंची बघत नाही, अवजार ओढताना किती जोर लागतो ते बघते. हे समजायला बैलाचा कुळव आठवा. तुमचे वडील किंवा सासरे कुळव धरून चाललेत. कडक जागा आली, बैलांनी मान खाली घातली, की ते काय करायचे? रुमणं हलकेच वर घ्यायचे. फास जरा वर आली, बैल मोकळे झाले, पुन्हा रुमणं दाबायचे. ताणाची दांडी तेच काम करते. जमीन कडक लागली की अवजार टॉप लिंकला पुढे रेटतं, तो रेटा आतल्या स्प्रिंगला कळतो, आणि लिफ्ट अवजार थोडं उचलते. कडकपणा संपला की पुन्हा खाली सोडते. इंजिन दबत नाही, चाक जागेवर फिरत नाही, डिझेल वाचतं. नांगरटीला ही सोय फार चांगली.

आता विचार करा. ही दांडी पेरणीला वापरली तर काय होईल? मुरमाड रानात ओढायला जोर लागला, यंत्र वर राहिलं. मऊ काळ्या रानात जोर कमी लागला, तर यंत्र म्हणालं, अजून खाली जायला हरकत नाही. आणि गेलं खाली. वैनींच्या रानात नेमकं हेच झालं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्याची नांगरट करून ट्रॅक्टर आला होता, दांडी ताणावरच राहिली होती. ड्रायव्हरला कुणी हा फरक कधी शिकवलाच नव्हता. पोरगं मन लावून काम करणारं, त्याच्यावर मी राग धरला नाही. पण ३० किलो बियाणं मातीत गेलं आणि बोल बाईला लागला, ही गोष्ट मी विसरणार नाही.

म्हणून साधा नियम. नांगर, पल्टी नांगर, जिथे ओढायला जड जातं, तिथे ताणाची दांडी. पेरणी यंत्र, रोटाव्हेटर, फळी, फवारणी यंत्र, जिथे उंची एकसारखी हवी, तिथे उंचीची दांडी. एक वापरताना दुसरी कुठे ठेवायची, ते कंपनीच्या पुस्तकात चित्रासकट असतं. पुस्तक मराठीत मागून घ्या. ते चावीसारखंच गटाच्या कपाटात ठेवायचं.

काही अगदी साध्या लहान ट्रॅक्टरवर एकच दांडी असते आणि तिच्या तीनच जागा असतात, उचल, थांब, सोड. तिथे कंदिलाच्या वातीसारखी खूण नसते. अशा ट्रॅक्टरवर खोली धरायला अवजारालाच चाक किंवा सरकती पट्टी हवी. रोटाव्हेटरला दोन्ही बाजूंना अशा पट्ट्या असतात, त्यांचे बोल्ट बदलून खोली ठरते. तुमचा ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा आहे हे सभेत उभं राहून सांगता आलं पाहिजे.

सीटच्या खाली, पुढच्या बाजूला बहुतेक एक गोल बटण असतं. काहींवर कासव आणि सशाचं चित्र असतं. अवजार किती वेगाने खाली यावं, हे त्याने ठरतं. जड अवजार असेल तर कासवाकडे, हलकं असेल तर सशाकडे. रोटाव्हेटर धाडकन आपटला की पाती आणि गिअर दोन्हींचं नुकसान. बऱ्याच ट्रॅक्टरवर हे बटण पूर्ण बंद केलं की अवजार वर अडकून राहतं, रस्त्याने जाताना तसं करतात.

आता पेरणीआधीची बांधणी सांगते. आम्ही ती आता दर वेळी करतो, पंधरा मिनिटं लागतात.

सपाट जागेवर यंत्र खाली टेकवा. बाजूने बघा, सांगाडा पुढे-मागे सपाट आहे का. नसेल तर टॉप लिंक फिरवून लहान-मोठी करा. लहान केली की अवजार पुढे नाक खुपसतं, लांब केली की मागे बसतं. मग मागून बघा, डावं-उजवं सारखं आहे का. नसेल तर उजवीकडच्या उभ्या सळीचा हँडल फिरवा. बाजूच्या साखळ्या बघा, पेरणीला अवजार डावं-उजवं हलता कामा नये. पिना आणि त्यांच्या कड्या मोजा. पिनेच्या जागी खिळा किंवा तार चालवून घ्यायची नाही.

मग दांडी एका खुणेवर ठेवून पंधरा-वीस पावलं पेरा आणि थांबा. ट्रॅक्टर बंद. खुरपं घ्या, तीन ठिकाणी माती काढा, बोटं लावा. खोल असेल तर दांडी थोडी वर, उथळ असेल तर थोडी खाली, आणि पुन्हा पंधरा पावलं. रानात मुरमाड आणि भारी असे दोन भाग असतील तर दोन्हीकडे तपासा. जमलं की दांडीच्या पट्टीवरचा सरकता अडथळा तिथे घट्ट करा, म्हणजे प्रत्येक वळणावर उचलून पुन्हा सोडताना दांडी त्याच जागी येते. आमच्या बायांनी त्यावर युक्ती काढली. पट्टीवर नखांना लावायच्या लाल रंगाची बारीक रेघ मारली. सोयाबीनची एक रेघ, ज्वारीची दुसरी. डिझेल, तेल लागलं तरी ती रेघ बरेच दिवस टिकते. ड्रायव्हर बदलला तरी रेघ बदलत नाही. फाळ बदलला किंवा दुसरं यंत्र जोडलं तर मात्र रेघ पुन्हा तपासायची.

रब्बीची ज्वारी आपल्याकडे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरतात. तेव्हा वरची माती वाळते आणि ओल खाली जाते, म्हणून बी ओलीत पडेल एवढं खोल जावं लागतं. सोयाबीनची रेघ ज्वारीला लावून चालत नाही. बोटं आणि खुरपं दर हंगामाला लागणारच.

आता जिवाची गोष्ट. एकदा रोटाव्हेटरमध्ये ठिबकची जुनी नळी गुंतली. अवजार वर उचललेलं, इंजिन बंद. आमच्यातली एक बाई सहज वाकून पात्यांमध्ये हात घालून नळी काढायला लागली. तिचा लहान मुलगा वर चढून सीटवर बसला आणि दांडीला हात लावणार, तेवढ्यात त्या म्हाताऱ्या काकूंनी त्याला उचलून घेतलं. इंजिन बंद असलं तरी दांडी खाली गेली की अवजार खाली येतंच, कारण ते स्वतःच्या वजनाने येतं. त्या दिवशी आम्ही सगळ्या घरी जाऊन गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सभेत ठराव केला, तो वहीत लिहिला, तुम्हीही लिहा. उचललेल्या अवजाराखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. घालावंच लागलं तर खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यायचे, विटा नाहीत, विटा फुटतात. काम संपलं की अवजार जमिनीवर टेकवायचं, मगच चावी काढायची. रोटाव्हेटर फिरत असताना जास्त उंच उचलायचा नाही, मधला फिरता दांडा खडखडतो आणि तुटतो. वळणावर आधी फिरणं बंद, मग उचल. त्या दांड्यावर झाकण नसेल तर काम नाही. पदर, ओढणी, केस बांधूनच जवळ जायचं. आणि अडकलेली गाडी किंवा झाडाचं खोड ओढायचं असेल तर साखळी खालच्या हुकालाच बांधायची, टॉप लिंकच्या जागी कधीच नाही. तिथे बांधली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, चालवणाऱ्याच्या अंगावर.

या उलटण्यावरूनच ही तीन ठिकाणची जोडणी पुढे आली. आयर्लंडमध्ये हॅरी फर्ग्युसन नावाचे एक कारागीर होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सरकारी खात्याने त्यांना ट्रॅक्टरची कामं बघायला लावलं. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत नेत. तो दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मरत. फर्ग्युसननी अनेक वर्षं खपून नांगर आणि ट्रॅक्टर एकजीव करणारी जोडणी आणि ताण ओळखणारी लिफ्ट बनवली. ती असलेला ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला, आणि १९३९ पासून फोर्ड कंपनीबरोबर तो खूप पसरला. आज आपल्या पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे जे तीन टोकं दिसतात, ती त्यांचीच. माणसं मरू नयेत म्हणून बनवलेली वस्तू आपण चुकीची वापरून माणूस गमावला, तर त्याला काय म्हणावं?

वैनींचं पुढे काय झालं, ते राहिलं. खालच्या रानात दुबार पेरणी केली. बियाण्याचा खर्च गटाने उचलला, कारण ट्रॅक्टर गटाचा, चूकही गटाची. त्यावर सभेत वाद झाला. दोघी म्हणाल्या, असा पायंडा पडला तर गट बुडेल. त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी ठरलं की खर्च गटाचा, पण यापुढे खुरप्याने खोली तपासून वहीत लिहिल्याशिवाय पेरणी पुढे न्यायची नाही, आणि तपासणार ती रानाची मालकीण, ड्रायव्हर नाही. उशिरा पेरलेलं सोयाबीन वरच्या बाजूइतकं उतरलं नाही. पण रान मोकळं राहिलं नाही.

आता आमच्या वहीत ट्रॅक्टरसाठी वेगळं पान आहे. तारीख, कुणाचं रान, जमीन कशी, अवजार कोणतं, दांडी कोणत्या खुणेवर, खोली किती बोटं. शेवटी सही किंवा अंगठा. त्या म्हाताऱ्या काकूंचा अंगठा त्या पानावर सगळ्यात जास्त वेळा आहे.

आणि वैनी? त्यांनी ट्रॅक्टर शिकायला घेतलाय. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर असा लहान ट्रॅक्टर चालवता येतो, म्हणून शिकाऊ परवाना काढलाय. पहिल्या दिवशी गिअर टाकताना हात थरथरत होता. पण लिफ्टच्या दांडीवर हात गेला तेव्हा थरथर नव्हती. ती दांडी त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळते.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी एवढंच करा. ट्रॅक्टरजवळ जा, आपल्या ट्रॅक्टरला दांड्या किती आहेत ते बघा, आणि ड्रायव्हरला विचारा, यातली उंचीची कोणती आणि ताणाची कोणती. त्याला सांगता आलं तर त्याला चहा पाजा. नाही आलं तर हे भाषण त्याला वाचून दाखवा, पण रागाने नको. आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात आणि मोहोळ किंवा खेडच्या कृषी विज्ञान केंद्रात अवजारांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा, आणि जाताना गटातल्या दोघींनी तरी जा. एकटी गेली तर घरी येऊन विसरते, दोघी गेल्या की एकमेकींना आठवण देतात.

खुरपं मात्र बरोबर असू द्या.